दुसऱ्यांदा आलेले पाहुणे

जीप थांबली तशी गार्गी आईच्या मांडीवरून उतरली आणि पळत सुटली. नव्या झोक्याच्या बाजूनं, सशांच्या खुराड्यासमोरून, माझ्या कोपराखालून ती सरळ घराच्या मागं गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभी होते. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, घाट चढून आलेलं लेकरू, घाई लागली असेल.

ती लगेच परत आली, पण आता चालत. अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि बापाला म्हणाली, "बाबा, हे ते घर नाही."

अढाऊ साहेब जीपमधून बॅग काढत होते. ते अकोल्याला न्यायाधीश होते. उंच, चष्म्याचे, फार कमी बोलणारे. कोणी काही म्हटलं की आधी बॅग खाली ठेवायचे आणि मग ऐकायचे. आताही त्यांनी बॅग खाली ठेवली.

"कशावरून?"

गार्गीनं घराकडं बोट दाखवलं.

"हे जांभळाचं झाड तेच आहे?"

"हो."

"ही पायरी तीच?"

"हो."

"या काकू त्याच?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. शेवटी "हो" म्हणाली, पण संशयाचा फायदा दिल्यासारखं.

"मग घर वेगळं कसं?"

"घर बदललं," गार्गी म्हणाली आणि खाली ठेवलेल्या बॅगवर जाऊन बसली. पाच वर्षांचं पोर, पण अशी बसली की तिच्यासकट बॅग उचलल्याशिवाय कोणाला काही नेता येणार नव्हतं.

माझ्या मागं दारात आमचे गुरुजी उभे होते. टाले गुरुजी म्हणजे माझे मालक. चिखलदऱ्याच्या शाळेत ते शिकवायचे. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात काय होतं ते मला माहीत होतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. त्या खिशात बदलीचा अर्ज होता.

आमचं घर सासऱ्यांनी कोणे एके काळी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतलेलं, दगडी आणि गरजेपेक्षा मोठं. लग्न होऊन मी आधी खाली परतवाड्याला आले. तिथं तीन जावा, एक सासू आणि एकच स्वयंपाकघर. मी चौथी सून, म्हणजे तिथं मला कणिक मळायची मुभा होती, पण भाजीत मीठ किती ते विचारून टाकावं लागे. तीन वर्षांनी गुरुजींची नेमणूक वर झाली आणि आम्ही घाट चढून आलो. वर आल्यावर पहिल्या दिवशी मी वरणात मीठ टाकलं आणि कोणालाच विचारलं नाही. जास्त झालं. दोघांनीही गपचूप खाल्लं. तेव्हाच मी ठरवलं की आता खाली जायचं नाही.

रिकाम्या दोन खोल्या मी पाहुण्यांना द्यायला लागले. शिक्षण माझं सातवीपर्यंत, पण वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून चार चांगले शब्द जमवले होते. त्यातूनच दारावर पाटी लिहिली, 'घरगुती वातावरणात निवासाची उत्तम सोय'. गुरुजींनी पाटीतली एक वेलांटी सुधारली. त्यांचा हातभार तेवढाच.

त्यांना ते कधी रुचलं नाही. आपल्या न्हाणीत परक्या माणसानं अंघोळ करावी, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. शिवाय पावसाळाभर धुकं, त्यात त्यांचे गुडघे, आणि खाली त्यांची आई, भाऊ, आंब्याची झाडं. पण हे त्यांनी मला कधी बसून सांगितलं नाही. पेपर वाचताना मधेच म्हणायचे, "खाली गेलेलं बरं," आणि पान उलटायचे. मी विचारायचे, काहून? तोवर पेपर त्यांच्या तोंडासमोर आलेला असायचा. चौदा वर्षांच्या संसारात त्या पेपराशी मी जेवढी बोलले तेवढी कोणाशी बोलले नसेन.

त्या वर्षी त्यांनी विनंती बदलीचा अर्ज लिहूनच टाकला. सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं खाली जायचं आणि तो देऊन यायचा. मी रडले नाही. मी भांडले. तेव्हा ते म्हणाले, "चंद्रकले, पाच वर्षं झाली तुह्या या उत्तम सोयीले. एकाही घरचे लोक दुसऱ्यांदा आले काय?"

खरं होतं. चिखलदऱ्याला माणूस एकदा येतो. पॉईंट बघतो, फोटो काढतो, पुढच्या वर्षी दुसरीकडं जातो. बघितलेली दरी पुन्हा बघायला कोण येईल.

"अढाऊ येऊन राह्यले," मी म्हटलं.

मग आमच्यात जे काही ठरलं ते असं: सोमवारच्या गाडीच्या आधी अढाऊंनी आपल्या तोंडानं 'पुढच्या वर्षी येतो' म्हटलं, तर अर्ज जाणार नाही. मी विचारायचं नाही, सुचवायचं नाही. त्यांनी आपण होऊन म्हणायला पाहिजे. शुक्रवारी दुपारी पाहुणे आले, आणि पहिलं वाक्य पडलं ते हे, की हे ते घर नाही.

आता ते घर म्हणजे काय, ते सांगते.

आदल्या वर्षी हे कुटुंब आमच्याकडं आलं ते चुकूनच. त्यांची ठरलेली खोली ऐन वेळी मिळाली नाही आणि कोणीतरी त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. साहेब, त्यांच्या बायको विद्याताई आणि ही पोर. मला न्यायाधीश म्हटल्यावर घाम फुटला, कारण घराची तेव्हा फार वाईट तऱ्हा होती. छताला ओल, पडदे नाहीत, अंगणात बघण्यासारखं काही नाही. न्हाणी घराच्या मागं, टिनाच्या छपराची, आणि तिच्या दाराची कडी पावसाळ्यात गंजून पडलेली. मी साहेबांना मान खाली घालून सांगितलं होतं, की कडी नाही, आत असाल तोवर थोडा आवाज करत राहा, म्हणजे कोणी येणार नाही. साहेबांनी "बरं" म्हटलं होतं. पुढचे चार दिवस सकाळी ते न्हाणीकडं निघाले की खाकरल्याचा आवाज यायचा. त्यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. माझा स्टोव्ह त्या वेळी असा भडकलेला असायचा की शेजारी तोफ उडाली तरी ऐकू आली नसती.

ते गेले. मला वाटलं, संपलं. दिवाळीत विद्याताईंचं कार्ड आलं, की गार्गी रोज विचारते, त्या घरी कधी जायचं? मी कार्ड चार वेळा वाचलं. मग उलट टपाली लिहिलं, गार्गीला आमच्याकडील काय विशेष आवडले ते कृपया कळवावे. महिन्यानं उत्तर आलं: 'तिला विचारलं. तुमची न्हाणी आवडली म्हणते. लहान मुलांचं काही सांगता येत नाही. आम्ही मे महिन्यात येऊ.'

गुरुजींनी ते वाचलं. म्हणाले, "चार वर्षांची पोट्टी सातपुडा पाहाले येते अन् न्हाणी पाहून जाते."

पण मी ते मनावर घेतलं. न्हाणी आवडली, तर न्हाणी आणखी चांगली करायची. एवढं तर सातवी पास बाईलाही कळतं. फरशी बसवली. भिंतीला निळा रंग दिला. साबणाला कोनाडा केला. आणि परतवाड्याहून पितळी कडी आणून बसवली, अंगठ्याएवढी जाड. ती सरकवली की आतल्या माणसाला तिजोरीत बसल्यासारखं वाटायचं. उरलेल्या हौसेत झोका बांधला, ससे आणले, पडदे शिवले. पोरांना आवडावं म्हणून जगात जे जे काही करतात ते सगळं केलं.

आणि ती पोर बॅगवर बसून होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीनं तिला घर पटवून पाहिलं. विद्याताईंनी झोक्यावर स्वतः बसून दाखवलं. मी ससा आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, माणुसकी म्हणून, आणि खाली सोडला. गुरुजी तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, बेचा पाढा येतो का विचारलं, आणि तिला येत होता म्हणून परत आले.

मग साहेब म्हणाले, पंचबोल पॉईंटला जाऊ. वाट दाखवायला मी बरोबर गेले.

पंचबोलला दरीकडं तोंड करून ओरडलं की डोंगर आवाज परत देतात. तिथं आलेला प्रत्येक माणूस ओरडतो. कोणी बायकोचं नाव घेतं, कोणी आपल्या गावाचं. साहेब कठड्याशी हात मागं बांधून उभे राहिले.

"बाबा, तुम्ही ओरडा," गार्गी म्हणाली.

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. यवतमाळकडची एक सहल होती, दोन नवी जोडपी होती. "लोक आहेत," ते म्हणाले.

मग कठड्याच्या गजांतून तोंड बाहेर काढून गार्गी स्वतःच दरीत ओरडली, "आत कोण?"

आत कोण, आत कोण, कोण, कोण, असं डोंगर म्हणाले.

ती कान देऊन उभी राहिली. पुढं काही येईल अशी वाट बघत असावी. मी इतकी वर्षं तिथं पाहुणे नेले, पण दरीला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेलं माणूस मी तेवढंच पाहिलं. मग ती वळली आणि म्हणाली, "घरी जाऊ." कुठल्या घरी, असं विद्याताईंनी विचारलं. "अकोल्याला."

परतताना साहेब माझ्या मागून चालत होते. अगदी हळू म्हणाले, की टालेबाई, तुमची व्यवस्था उत्तम आहे, पण मुलगी रमत नाहीये. तेव्हा मंगळवारऐवजी आम्ही रविवारीच निघू.

घरी आल्यावर हे मी गुरुजींना सांगितलं नाही. त्यांना ते विद्याताईंकडून कळलं. त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. ते मला जास्त लागलं.

रात्रीच्या तांदळातले खडे निवडायला विद्याताई माझ्याजवळ येऊन बसल्या. बाई बोलकी होती, पण बारीक आवाजात बोलायची. मी तसं म्हटलं, तर हसल्या. म्हणाल्या, सवय लागली आहे. साहेब कोर्टातून आले की चहा घेतात आणि कागदांचे गठ्ठे घेऊन आपल्या खोलीत जातात, निकालपत्रं लिहायची असतात. जेवायला बाहेर येतात, की परत आत. ते घरात असले की आम्ही टीव्हीसुद्धा हळू लावतो. माणूस फार चांगला आहे हो, असं त्या शेवटी म्हणाल्या आणि तांदळातून एक खडा काढून बाजूला ठेवला.

शनिवारी सकाळी मी बंबात लाकडं सारली आणि राख टाकायला मागं गेले. न्हाणीचं दार बंद होतं. आत तांब्याचे आवाज. दारासमोरच्या धुण्याच्या दगडावर गार्गी बसली होती, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. मला बघून ती हलली नाही.

"आत कोण?" ती दाराला म्हणाली.

आत पाणी पडत राहिलं.

"आत कोण?" पुन्हा तिनं विचारलं. आवाज मोठा नव्हता. उत्तर येणार नाही हे माहीत असलं की आपण जशा आवाजात विचारतो, तसा.

"बाबा आहेत गं आत," मी म्हटलं.

"मला माहीत आहे."

"मग विचारतेस काहून?"

"बाबांनी सांगायचं असतं."

राखेचं घमेलं खाली ठेवून मी तिच्या शेजारी बसले. दगड गार होता. "काय सांगायचं असतं?"

मग तिनं मला सांगितलं. एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं, आणि मला सगळं समजतंय का हे मधेमधे बघत. मागच्या वेळी ती इथं राखण करायला बसायची. आईनंच बसवलं होतं, कोणी येऊ नये म्हणून. बाबा आत खाकरायचे. खाकरून खाकरून बाबांचा घसा दुखला. मग तिनं विचारलं, आत कोण. बाबा म्हणाले, अस्वल. मग तिनं विचारलं, अस्वल काय करतं. मग बाबांनी ते गाण्यात सांगितलं.

"साहेबांनी? गाण्यात?"

"हो. आणि थांबायचं नाही. थांबले तर मी दार ढकलणार. कडी नव्हती ना." ती जराशी हसली, पहिल्यांदाच. "म्हणून त्यांना सांगावंच लागायचं."

आतलं पाणी थांबलं. आम्ही दोघी दाराकडं बघत होतो. पितळी कडी आत होती, बाहेरून दिसत नव्हती, पण ती आहे हे कळत होतं.

"आता कडी आहे," गार्गी म्हणाली. मग, उद्या रविवार आहे किंवा आज ऊन आहे असं सांगावं तसं म्हणाली, "घरी पण कडी आहे."

मी राख तिथंच ठेवून घरात गेले.

साहेब अंघोळ करून बाहेर आले, त्यांचा चहा झाला, ते पेपर घेऊन ओसरीवर बसले. त्यांच्या शेजारी आमचे गुरुजी दुसरा पेपर घेऊन बसले होते. दोघांच्या मधे एक रिकामी खुर्ची होती आणि तीच काय ती बोलण्याच्या बेतात दिसत होती. मी गुरुजींच्या पेटीतून पेचकस घेतला आणि न्हाणीत जाऊन कडी काढायला बसले.

चार स्क्रू. तीन सरळ निघाले, चौथ्यानं माझा घाम काढला. मी तो फिरवत होते तेव्हा दारात सावली पडली. गुरुजी.

"नवी कडी काहून काढून राह्यली?"

"पडली."

त्यांनी माझ्या हातातल्या पेचकसाकडं पाहिलं. "पडून राह्यली, असं म्हण," ते म्हणाले आणि गेले.

दुपारी मी साहेबांना सांगितलं. तोंडावर जेवढा संकोच आणता आला तेवढा आणला. साहेब, मागच्यासारखंच झालं बघा, न्हाणीची कडी पडली. उद्या सकाळी आत असाल तोवर जरा आवाज करत राहा.

साहेब उठले, न्हाणीपर्यंत गेले आणि दाराची पाहणी केली. मी मागं उभी.

"सकाळी तर होती."

"हो."

"चारही स्क्रू एकाच वेळी पडले?"

"इथं लाकूड फुगतं साहेब. दमट हवा."

"मे महिन्यात."

साहेबांची नजर कोनाड्याकडं गेली. तिथं एका वाटीत कडी आणि चार स्क्रू होते. सवयीनं मी ते पुसूनसुद्धा ठेवले होते. साहेबांनी एक स्क्रू उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. मग त्यांनी दगडावर बसलेल्या गार्गीकडं पाहिलं. ती रिकाम्या चार भोकांकडं बघत होती.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. निकाल राखून ठेवावा तसं म्हणाले आणि आत गेले.

गार्गी उठली, दाराजवळ आली. एका भोकात करंगळी घालून पाहिली. मग अंगणात गेली आणि झोक्यावर बसली.

रविवारी सकाळी मी स्टोव्ह पेटवलाच नाही. विद्याताई केस विंचरत मागच्या पायरीवर आल्या, म्हणाल्या, चहाला उशीर आहे का? मी तोंडावर बोट ठेवलं. पेरूच्या झाडाखाली गुरुजी दात घासत होते. साहेब टॉवेल घेऊन न्हाणीत गेले आणि दार लोटलं. गार्गी दगडावर होतीच.

आतून खाकरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग तांब्या. मग पुन्हा एकदा.

"आत कोण?" गार्गी म्हणाली.

काही नाही. ती उठली आणि तिनं दारावर हात ठेवला.

"अस्वल," आतून घाईनं आवाज आला.

"अस्वल काय करतं?"

मोठा श्वास घेतल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आणि मग साहेब गायला लागले. आवाज चांगला नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. विहिरीत बादली उतरताना रहाट करतो तसा होता.

"अस्वल आलं मेळघाटचं, काळं काळं कुट्ट,
साबण सगळा संपून गेला, तरी काळं कुट्ट."

"मग?"

"मग माश्यांनी त्याच्यावरती दावा लावला, दावा,
साहेब, याने मध खाल्ला, याला आत ठेवा."

"मग अस्वल काय म्हणालं?"

"अस्वल म्हणे, मी नाही खाल्ला, मी तर होतो झोपेत,
तोंड तुझं मग चिकट कशानं, सांग बरं या कोर्टात."

हे असं चाललं. मधमाश्यांचे साक्षीदार आले. कोल्हा अस्वलाचा वकील झाला. त्यानं तारीख मागितली, गार्गीनं तारीख द्यायची नाही म्हणून बाहेरून सांगितलं, आणि साहेबांनी ती दिली नाही. अडखळून जरा थांबले की ती दार बोटभर ढकलायची आणि ते लगेच पुढचं जुळवायचे. अस्वलाला शिक्षा झाली ती रोज अंघोळ करण्याची. तोवर बंबातलं सगळं पाणी संपलं असावं, कारण साहेब शेवटचं कडवं कुडकुडत म्हणाले.

विद्याताईंचा हात कंगव्यासकट केसांत अडकून राहिला होता. "मागच्या वर्षी याच वेळेला मी फिरायला जायची," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "बारा वर्षं झाली लग्नाला."

मी पेरूकडं पाहिलं. गुरुजींच्या तोंडात फेस तसाच होता. थुंकायचं ते विसरले होते.

त्या दिवशी कोणी निघायचं नाव काढलं नाही. मंगळवारपर्यंत राहू, असं विद्याताईंनी जेवताना सांगून टाकलं. गार्गीनं सशाला मांडीवर घेतलं, घर तेच आहे का असं विचारल्यावर "थोडं निळं झालंय" एवढाच शेरा मारला. पण पुढच्या वर्षाबद्दल कोणी अवाक्षर काढेना. मी भाकरी वाढताना वाट बघितली, ताक देताना वाट बघितली. विचारायचं नाही असं ठरलं होतं आणि मी ते पाळत होते, आणि समोर बसून गुरुजी, मी पाळते की नाही, ते बघत होते.

संध्याकाळी ओसरीवर ते दोघं पेपर घेऊन बसलेले असताना साहेब पेपर न सारता म्हणाले, "गुरुजी, न्हाणीच्या कडीचं काय करणार आहात?"

गुरुजी सावरून बसले. म्हणाले, "बसवून घेतो साहेब. उद्याच."

"नका बसवू." साहेबांनी पान उलटलं. "निदान तीन-चार वर्षं तरी."

मी दाराआड होते. स्वयंपाकघरात जाऊन मी गुरुजींना खुणेनं बोलावलं. म्हटलं, झालं ना? ऐकलं ना?

"काय ऐकलं?"

"तीन-चार वर्षं म्हणाले ते."

"ते कडीबद्दल बोलले," गुरुजी म्हणाले. "येतो म्हणून नाही म्हटलं."

"मग तीन-चार वर्षं कडी नको म्हणजे काय? अकोल्याहून आपल्या कडीची आठवण काढत बसतील काय ते?"

"जे म्हटलं ते म्हटलं. जे नाही म्हटलं ते नाही म्हटलं." एवढं बोलून ते परत पेपराकडं गेले. शाळेत ते व्याकरणही शिकवायचे.

सोमवारी मी साडेपाचला उठले आणि बंब पेटवला. पाहुणे झोपले होते. गुरुजींचा धुतलेला सदरा न्हाणीबाहेर खिळ्याला टांगला होता आणि त्याच्या खिशात अर्जाची घडी दिसत होती. मी तिला हात लावला नाही. ते आले, काही न बोलता आत गेले, दार लोटून घेतलं. मी चहा ठेवायला वळले आणि काय झालं कोण जाणे, परत येऊन धुण्याच्या दगडावर बसले. इतकी वर्षं मी त्या दगडावर कपडे आपटले होते. दुसरं काही काम नसताना त्यावर बसले नव्हते.

"आत कोण?" मी म्हटलं.

तांब्या थांबला.

"कोण म्हणजे? मी."

"मी कोण?"

"डोकं फिरलं काय तुहं? पाहुणे उठतीन."

"थांबलात तर मी आत येईन," मी म्हटलं. "कडी नाही."

मग पाण्याचा एक तांब्या पडला, आणि आवाज आला, "टाले."

"टाले काय करतात?"

"अंघोळ."

"अंघोळ करून कुठं जातात?"

मी उठले आणि दारावर हात ठेवला. आत ते सरकल्याचा आवाज आला. त्यांना ऐकू जाईल एवढंच मी दार हलवलं. मला खाली जायचं नाही, मी म्हटलं. खाली मला मिठासाठी विचारावं लागतं. तुम्हाला गुडघ्यांचं दुखणं आहे, तर तेल लावून देईन. आईंना वर आणू. पण तुम्हाला खाली काहून जायचं, ते एकदा तरी तोंडानं सांगा. पेपर नाही आता तुमच्यापुढं.

आत पाणी टपटपत होतं. मग ते बोलले, अगदी सावकाश. म्हणाले, वर आल्यापासून तू सगळ्यांशी बोलते. पाहुण्यांशी, सशांशी, पोस्टमनशी. मले वाटलं, खाली गेलो तर निदान माह्याशी बोलशीन.

मी हात दारावर तसाच ठेवून उभी राहिले. चौदा वर्षं मी समजत होते की बोलत मी असते आणि गप्प ते असतात.

"टाले अंघोळ करून कुठं जातात?" मी परत विचारलं. माझा आवाज जरा बिघडला होता, पण साहेबांच्या मानानं बराच होता.

तेव्हा आतून काहीतरी चालीवर आलं. गुरुजींना जन्मात एकच चाल येत होती, शाळेच्या प्रार्थनेची. तिच्यातच त्यांनी ते बसवलं, एकेक शब्द जपून, फळ्यावर लिहावा तसा.

"टाले… गुरुजींची… सातची गाडी… चुकली."

तेव्हा सव्वासहा वाजले होते.